भरमाण्णाच्या खिशात काय आहे

शनिवारची सकाळची शाळा, बेळगुंदी, सहावीचा वर्ग.
पटावर अकरा, हजर नऊ.
बाहेर रताळ्याच्या वेलांना पाणी सुटलेलं.
म्हटलं, आज धडा नको. आज एक माणूस करूया.
"मातीचा, बाई?"
नाही रे. नुसत्या शब्दांचा.

दहा मिनिटांत उभासुद्धा केला त्यांनी.
नाव भरमाण्णा. धिप्पाड, मिशीला पीळ,
नेहमी खरं बोलतो, गोरगरिबांना मदत करतो,
वाघाला भीत नाही.
फळ्यावर सगळं उतरवलं, खडू ठेवला, विचारलं:
हा आपल्या स्टॉपवर येऊन थांबला
तर ओळखाल का?
"काय की, बाई," भैरू म्हणाला,
"आमच्या गावात असला कोण न्हाई."

मग घालूया त्याच्या खिशात हात.
काय लागलं?
"पैसे." किती?
"शंभर." सुटे, की नोट?
"नोट हाय बाई, खरं घडीवर फाटलेली.
कंडक्टर घेत न्हाई, दुकानदार घेत न्हाई,
म्हणून शंभर तसेच राहतात त्याच्याकडं."
(इथली पोरं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
मी वह्यांतून ते तांबड्या शाईनं
बारा वर्षं दुरुस्त करते आहे.)
आणखी? एक काजूची बी, न फोडलेली.
लाइट बिल, कानडीतलं.
त्याला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही.
हे कुणी सांगितलं ते मला दिसलं नाही;
सगळे पुढं सरकून बसले होते.

अंगठ्याला ठेच लागली तर ओरडेल कुठल्या भाषेत?
"मराठीत!" आणि बैलाला हाकेल?
"कानडीत. बैल बैलहोंगलचा हाय, बाई,
त्याला मराठी कुठलं कळतंय?"
खोटं कधी बोलतो?
आता मात्र चुळबुळ. खरं बोलतो असं
आत्ताच तर लिहिलेलं, फळ्यावर आहे अजून.
मल्हारी उठला, ओल्या फडक्यानं ती ओळ पुसून आला.
"बायकांना बस फुकट झाल्यापासनं
बाजाराला बायकोलाच धाडतो.
गुडघा दुखतो म्हणतो."
वर्ग हसला. हसू ओसरायच्या आत मी विचारून घेतलं:
आणि रडतो कधी?
"पंप चालू करून. आवाजात ऐकू येत न्हाई."
लाइट नसेल तर?
"थांबतो."

तेव्हा शेवटच्या बाकावरून रेणू बोलली,
जूनपासून पहिल्यांदा.
"तो शाळेच्या फाटकापर्यंत येतो,
खरं आत येत न्हाई.
बोर्डाखाली उभा राहून वाचल्यागत करतो, ओठ हलवतो.
एकदा बोर्ड रंगवायला उतरवला होता,
तरी तो वर बघून
ओठ हलवत होता."

कुणी हसलं नाही.
कॅरियरला सुतळी बांधलेली ती सायकल
मीही बघते रोज, खिडकीतून.
फळ्यावर यातलं काही लिहिलं नाही.

घंटा झाल्यावर तिला थांबवलं.
म्हटलं, मिशी काढून टाक त्याची.
उंची कमी कर, गाव कंग्राळी कर,
सायकलच्या जागी म्हैस दे हातात.
कुणी बोट दाखवायला नको.
"आणि बोर्ड?"
बोर्ड राहू दे.

सोमवारी तिची वही आली.
'तो रोज येतो खरं आत येत नाही.'
तांबडं पेन उघडलं होतं मी.
पुन्हा वाचलं. टोपण लावलं.
वर बघते तर टेबलापाशी भैरू,
दप्तर अजून पाठीवरच, डोळे तारवटलेले.
"काल रातभर लाइट नव्हती, बाई," म्हणाला.
"भरमाण्णानं काय केलं असंल?"